झुरळाच्या पाठीवर

आमच्या ऑफिसात, माझ्या खुर्चीच्या बरोबर समोर, दाराएवढं झुरळ टांगलंय. आणि मी झुरळं मारायचा धंदा करतो. हसा, हसून घ्या.

टांगलं माझ्या लेकीने. फोटोच आहे, पण मिशा छत्रीच्या काड्यांएवढ्या आणि पायांवरचा काटा न् काटा दिसतो. इतकी वर्षं ज्याच्याकडे मी फक्त वरून बघितलं, ते आता माझ्याकडे वरून बघतं.

झालं असं, की मला वाटायचं पोरगी माझा फवारणीचा पंप हातात घेईल. कॉलेज संपल्यापासून कामांवर बरोबर यायची, ओट्याखाली वाकून वाकून बघायची. मी आपला खूश. मग एकदा तिच्या आईने फ्रिज उघडला, तर दुधाच्या पातेल्याशेजारी डबीत एक झुरळ निवांत बसलेलं. "गार पडलं की हलत नाही, मग जवळून फोटो काढता येतो," पोरगी म्हणाली, जणू काकडी ठेवलीय. तिची आई आठवडाभर आम्हा दोघांशी बोलली नाही. मी काय केलं होतं, देव जाणे.

तेव्हा कळलं की बाईसाहेब धंदा शिकायला येतच नव्हत्या. "बाबा, मला ती मारायची नाहीत, भिंतीवर लावायची आहेत." माझं डोकंच फिरलं. आणि खरं सांगतो, वाईटही वाटलं. हा धंदा मी कोणासाठी उभा केला होता?

शेवटी पैज लागली. एक फोटो ऑफिसात लावायचा. पहिलं गिऱ्हाईक तो बघून पळालं, तर तिने पंप घ्यायचा. थांबून बघत राहिलं, तर मी तिच्या मागचा ससेमिरा सोडायचा. मी तर पंपाला तिच्या मापाचा नवा पट्टाही लावून ठेवला.

पहिल्या आल्या खानावळवाल्या बाई. झुरळ दिसलं की स्टुलावर चढणाऱ्या. मी मनात म्हटलं, जिंकलो. बाईंनी भिंतीकडे बघितलं, पर्स छातीशी धरली आणि पुढे सरकल्या. मागे नाही, पुढे.

"किती चकचकीत आहे हो. आमच्याकडची एवढी स्वच्छ नसतात."

"कॅमेऱ्याची करामत," मी म्हणालो. "जात तीच."

बाईंनी चष्मा लावला. "याच्या पायाखाली हा इस्त्रीचा डाग..." मग सावकाश वळून माझ्या टेबलाकडे बघितलं. डाग तिथेच होता. "म्हणजे हे इथलंच का?"

"बाबांच्या खणातलं," कोपऱ्यात बसलेली लेक म्हणाली.

लोकांच्या घरची झुरळं मारत गावभर हिंडतो, पण स्वतःच्या टेबलात फवारायला मला सवड झाली नव्हती. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"आणि पाठीवर हा कोण माणूस?"

मी उठून बघितलं. पंखाच्या चकाकीत, बोटाच्या पेराएवढा, एक टकला माणूस. हात वर, हातात पंपाची नळी, तोंडावर बारा वाजलेले. मीच.

"असा एक फोटो करायला चाळीसएक फोटो काढून एकावर एक रचावे लागतात," लेक म्हणाली. "मधे जे हलतं ते पुसट होतं. तुम्ही जरा हलला असतात ना बाबा, तर यात आलाच नसतात."

आठवलं मला. त्या दिवशी टेबलावर झुरळ बघून मी नळी उचलली होती आणि ती कॅमेऱ्यामागून म्हणाली होती, थांबा, हलू नका. खांदा भरून आला तरी मी तसाच उभा. उभ्या आयुष्यात समोर आलेलं एक झुरळ सोडलं नाही, मग तिथे का थांबलो? ती म्हणाली म्हणून. दुसरं काही कारण नाही. मला एकदम गहिवरून आलं, आणि तेही गिऱ्हाइकासमोर, याचा रागही आला.

बाईंनी खानावळीचं काम दिलं. वर म्हणाल्या, "आधी इथलं करा."

दुसऱ्या दिवशी मी एकटाच निघालो. पैज म्हणजे पैज. तर ही कॅमेरा गळ्यात घालून स्कूटरवर आधीच बसलेली.

खानावळीत ओट्याखालून चांगलं गलेलठ्ठ झुरळ निघालं. बाई स्टुलावर चढल्या, आचाऱ्याने चप्पल उचलली. लेक जमिनीवर पालथी पडली, कॅमेरा डोळ्याला.

"अहो, मारा की," बाई म्हणाल्या.

मी नळी खाली केली.

"कोणी हलू नका," मी म्हणालो. "तिचं काम चाललंय."