सातवा बोनस

घुंगूर वाजत नव्हतं. पितळेचं, बोराएवढं, एका अंगाला चेपलेलं — आत खडा होता, बोटांना तो हलताना कळत होता, पण वाजव म्हटलं की नुसती खरखर, घसा बसलेल्या माणसाने हाक मारावी तशी… दर्शनाने ते कीबोर्डच्या कडेला ठेवलं, परत उचललं, कानाशी नेऊन हलवलं. खिडकीखालून मिरजोळ्याच्या एमआयडीसीकडे बर्फाचा टेम्पो गेला, मागे रस्त्यावर पाण्याची रेघ ओढत. बारा वाजून गेले होते. चार वाजता फाईल बंद होणार, त्यानंतर खेळात कोणालाही काही बदलता येणार नाही, आणि सातव्या ओळीतले तीन रकाने अजून तिच्या हातून भरायचे होते — आकडा, दोन ओळींचा मजकूर आणि आभार.

पहिले सहा झाले होते, आणि झकास झाले होते. खेळणारा कुठलाही असो, पोलंडातला नाहीतर पाटण्यातला, तो एक राज्य निवडतो आणि कॉम्प्युटरवर तीनशे वर्षं हाकतो — लढाया, तह, जकाती, बंडं — आणि प्रत्येक राज्याला त्याच्या त्याच्या इतिहासातून सात बोनस मिळतात. कोकण किनारा तिच्या वाट्याला आला होता. आला कसला, मागूनच घेतला होता तिने, पुण्याच्या ऑफिसातल्या संदेशला म्हणाली होती, मी रत्नागिरीत बसून काम करते, तर किनारा दुसऱ्या कोणाला देणं बरं दिसेल का? उथळ खाड्यांत शिरणारी गलबतं, म्हणून जहाजं दहा टक्के स्वस्त. जांभ्याचे तट, म्हणून किल्ला पडायला वीस टक्के जास्त वेळ. पाण्याखालचे खडक पाठ असलेले तांडेल, म्हणून वादळात नुकसान निम्मं. हे सगळं तिने मोठ्या झोकात लिहिलं, एकदाही मनात आलं नाही की तो जांभा तोडला कोणी. मामा चिरेखाणीवर होता, त्याच्या तळहातांना भेगा असायच्या, भाकरी मोडताना त्या लाल दिसायच्या… वीस टक्के लिहिताना मामा आठवला नाही. आणि आता आठवतोय. सहा ओळी कशा सरळ रांगेत गेल्या, सातवीलाच काय धाड भरली?

धाड कसली, उचलली जीभ लावली टाळ्याला. गेल्या बुधवारच्या मीटिंगमध्ये संदेश म्हणाला, "समुद्र समुद्र फार झालं, सातवा जमिनीवरचा हवा," आणि ही फुलून आली. वेसकर, म्हणाली. गावच्या वेशीवरचा माणूस. निरोप आला की हातात घुंगरांची काठी घेऊन निघायचा, खाडीपासून घाटाखालच्या गावापर्यंत, कातळ तुडवत, एका दिवसात. घुंगरं कशासाठी, तर तो येतोय हे लोकांना लांबूनच कळावं म्हणून. लांबूनच का कळायला हवं, ते तिने सांगितलं नाही. सांगायचं नव्हतं असंही नाही — बोलण्याचा ओघ होता, आणि ओघात ते मागे पडलं… आणि मग तिने हे घुंगूर कॅमेऱ्यासमोर धरलं. स्क्रीनवरचे आठही चेहरे पुढे झुकले, "वॉव" म्हणाले. कुठे मिळालं हे तुला, असं कोणीतरी विचारलं.

"एका कुटुंबाकडे आहे. गावातल्या."

एका कुटुंबाकडे! हे कोण बोललं? तोंड तिचं, आवाज तिचा, पण जी दर्शना जयंतीच्या मिरवणुकीत झेंडा घेऊन पुढे चालते, जिने कॉलेजात एका मुलीशी आडनावावरून भर कँटीनमध्ये भांडण काढलं होतं, तिच्या तोंडून हे निघालंच कसं? भिवा आजोबा तिचे सख्खे. वेसकीचं काम ज्या घरांच्या माथी मारलेलं असायचं त्यांतलं एक घर तिचंच. संदेशने नाक मुरडलं असतं? छे, तो तसला नाही. उलट फार चांगला वागला असता, आवाज खाली आणला असता, जपून शब्द वापरले असते… कदाचित तेच नको होतं. ते "वॉव" निर्मळ होतं, उबदार होतं, आणि "माझ्या आजोबांचं" म्हटल्याबरोबर त्याचं दुसरंच काहीतरी झालं असतं. म्हणून. असं मला वाटतं. पण हे तरी खरं का? की ही पळवाट मी आज सकाळी दात घासताना शोधून काढली? काही कळत नाही. शरम वाटली म्हणावं तर आठवत नाही, आणि नाही वाटली म्हणावं तर मग त्या दिवसापासून हे घुंगूर ड्रॉवरमध्ये का ठेवलं होतं?

आणि सकाळी संदेशचा मेसेज. 'सैन्याचा वेग पंधरा टक्के ठेवू. शिवाय स्थैर्य अधिक एक. मजकूर कच्चा टाकलाय, तू हात फिरव. आणि त्या कुटुंबाची परवानगी घेऊन नाव पाठव, आभारांत टाकू. भारी काम, दर्शना!' खाली मजकूर: 'ऊन असो वा पाऊस, निरोप पोहोचणारच. पिढ्यान्‌पिढ्या बिनतक्रार धावणाऱ्या निष्ठावंत पावलांवर हे राज्य उभं होतं.'

बिनतक्रार… तिला आधी हसूच आलं. भिवा आजोबा गेले तेव्हा ती सात वर्षांची होती, पण त्यांच्या तक्रारी अजून कानात आहेत. चहा पुचाट, एसटी उशिरा, गुडघा मेला ऐकत नाही, रेडिओवरचा माणूस नाकात बोलतो. बशीतला चहा फुर्र करून ओढायचे आणि सांगायचे, छप्पन साली दीक्षा घेतली, आणि गावी परत आल्यावर काठी घेऊन खोताच्या अंगणात गेलो, भिंतीला उभी केली आणि म्हटलं, इतःपर तुमचे निरोप तुम्ही न्या. आणि मग घरी आले, चालत. "चालत," हा शब्द ते दोनदा म्हणायचे. सावकाश चालत. ही गोष्ट घरात प्रत्येकाला पाठ आहे, लग्नात-बारशात निघते. पण काठी जर घुंगरांसकट खोताच्या अंगणात राहिली, तर हे एक घुंगूर आजीच्या डब्यात कसं आलं? मोडून आणलं? कशाला, जे टाकायचं तेच जपून ठेवायला? इतकी वर्षं हा प्रश्न कोणालाच पडला नाही, तिलाही नाही, आणि पडला तो नेमका आज, डोक्यावर चार वाजता फाईल बंद व्हायची असताना.

बाबा पुढच्या खोलीत जमिनीवर बसून ओले काजू सोलत होते. हाताला खोबरेल चोपडलेलं, समोर वर्तमानपत्र, त्यावर सालींचा ढीग. टपालखात्यात तेहतीस वर्षं काढून निवृत्त झालेला माणूस. काजूगरसुद्धा वाडीनिहाय लावल्यासारखे ओळीने मांडतो.

"बाबा, एक परवानगी हवी होती."

"कसली गो? लग्नाची? दिली."

"बाबा!"

मग तिने सगळं सांगितलं. खेळ, राज्य, सातवा बोनस, घुंगूर. 'एका कुटुंबाकडे' हे मात्र सांगितलं नाही — तिथे येऊन जीभ पुन्हा आपली आपणच वळली. मोबाईल त्यांच्यासमोर धरला, त्यांनी तेलकट हात मागे ठेवून, मान लांब करून मजकूर वाचला. ते चिडतील असं तिला वाटत होतं. चिडावेत, असंच वाटत होतं की काय? ते एकदा चिडले की आपल्याला त्यांच्यामागे उभं राहता येईल, संदेशला लिहिता येईल, घरच्यांना मान्य नाही… पण ते नुसते वाचत राहिले.

"घुंगूर कुठलं? डब्यातलं?" आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "ते वासराचं गो! सासूबाईंची तांबडी गाय होती, तिच्या वासराच्या गळ्यातलं. काठीची घुंगरं मोठी असायची."

"तू बघितलीस वाटतं काठी?" बाबा म्हणाले.

"तुम्ही तरी कुठे बघितलीत?"

बाबा पुन्हा काजूकडे वळले. खरंच, त्यांच्या जन्माआधीच काठी गेलेली. दर्शना मात्र तिथेच अडकली — वासराचं? म्हणजे आठ माणसांसमोर आपण जे इतिहास म्हणून नाचवलं ते वासराच्या गळ्यातलं? आणि खोटं बोललो ते कशावरून, तर वासरावरून? हसावं की रडावं तिला समजेना. आई तर कढीला फोडणी देऊन मोकळीसुद्धा झाली.

"बरं, मला सांग," बाबांनी पुढचा काजू उचलला, "तुझ्या खेळात तो जो पळतो, त्याला काय मिळतं?"

"त्याला?" ती अडखळली. "तो दिसत नाही, बाबा. म्हणजे… तो नसतोच. सैन्य लवकर पोहोचतं, एवढंच. बोनस राज्याला मिळतो."

"म्हणजे त्याला काही नाही."

"नाही."

बाबांनी साल काढलं, गर ओळीत ठेवला. "मग बरोबर आहे," ते म्हणाले. "इतिहास अगदी बरोबर लिहिलायस."

ही शाबासकी होती की थप्पड? तिने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. वक्तृत्वाचं बक्षीस घेऊन आली की जो चेहरा असायचा तोच होता, थोडा थकलेला. त्यांनी टोमणा मारला असता तर बरं झालं असतं; टोमण्याला उत्तर देता येतं. हे असं सपाट, पोस्टाचा शिक्का मारल्यासारखं वाक्य घेऊन माणसाने जायचं कुठे?

"मग नाव टाकू का? आजोबांचं?"

"मी मालगुंडला टपालाच्या बीटवर होतो तेव्हा बाप म्हणायचा, तूही निरोपच नेतोस की रे, मग मी काठी ठेवून काय मिळवलं? मी म्हणायचो, आबा, मी दारात उभा राहतो आणि सही घेतो. पुढचा माणूस कोण का असेना, माझ्या पेनाने सही करतो." बाबा स्वतःशीच हसले. "नावाचं मला काय विचारतेस? ज्याच्या नावाचं टपाल, सही त्यानेच करायची. घरातल्या दुसऱ्याची चालत नाही."

जेवण तिला गेलं नाही. आईने दोनदा विचारलं, तिने दोनदा डोकं दुखतंय म्हटलं, आणि मग ते खरंच दुखायला लागलं. टेबलाशी येऊन बसली तेव्हा सव्वातीन झाले होते. तिने संदेशला फोन लावला.

"संदेश, एकदा मिळालेला बोनस मधेच सोडून जाऊ शकतो का?"

"म्हणजे?"

"म्हणजे… राजा हरला नाही, पैसे संपले नाहीत, काहीच झालं नाही, तरी एक दिवस तो आपला आपण निघून गेला. मी नाही करणार म्हणाला आणि गेला."

"अगं, बोनस कायमचा असतो. तसा रकानाच नाहीये शीटमध्ये." तो हसला. "आणि खेळणारे केवढे चिडतील!"

"चिडतील," ती म्हणाली, आणि ते चिडलेले पोलंडातले, पाटण्यातले, अंगणात उभ्या केलेल्या काठीकडे बघत राहिलेले सगळे लोक डोळ्यांपुढे येऊन तिला इतकं बरं वाटलं की तिची तीच दचकली.

"नाव मिळालं का त्या कुटुंबाचं?"

आता. आता सांगायचं. एवढं सोपं वाक्य, तीन शब्दांचं…

"विचारतेय," ती म्हणाली. "पाठवते." आणि फोन ठेवला. शाब्बास, दर्शनाबाई. धन्य तुमची.

तिने मजकूर उघडला. 'बिनतक्रार' खोडला. वाक्य लंगडं झालं. 'निष्ठावंत' खोडला, तर आणखी लंगडं झालं. नुसती पावलं उरली, धावणारी, कुणाची ते कळेना. मग 'धावणाऱ्या'ही खोडून 'चालणाऱ्या' केलं. चालणाऱ्या माणसाचा निरोप काय पोहोचणार आणि सैन्य काय लवकर जाणार — पंधरा टक्क्यांचं सगळं गणितच कोलमडलं. ती पहिल्या रकान्यात गेली, पंधरा खोडले. दहा? नाकापेक्षा मोती जड नको म्हणून पाच? एका माणसाचे पाय किती टक्के? तिची बोटं कीबोर्डवर होती आणि ती आकड्याचा विचार करत होती, खरंच आकड्याचाच, आणि रकान्यात उमटलं: भिवा.

रकाना लाल झाला. 'येथे फक्त संख्या चालेल.'

चुकीच्या जागी पडलं, ते उचलून तिसऱ्या रकान्यात टाकायला हवं, आभारांत. नाहीतर खोडायला हवं. चाराला दहा मिनिटं होती. हे तिला सगळं नीट दिसत होतं. हात मात्र हलत नव्हता, आणि न हलण्याचा त्रासही होत नव्हता, हेच नवल. डाव्या मुठीत घुंगूर होतं — आजोबांचं, नाहीतर वासराचं. वासराचं असलं तर त्या वासराला ते बांधलं कोणी, बिनकामाचं, नुसतं वाजावं म्हणून? तेही आजोबांनीच ना? की… असू दे. पुन्हा सगळं गुंतत चाललं होतं, पण सकाळी त्या गुंत्यात दम लागत होता तसा आता लागत नव्हता.

शीटमध्ये संदेशच्या कर्सरचा निळा चौकोन आला. त्याच्या नावाचा, एरवी सगळ्या ओळींवरून उंदरासारखा पळणारा. तो खाली उतरला, सातव्या ओळीशी आला, लाल रकान्यावर येऊन थांबला. 'हे कोण?' बाजूला अक्षरं उमटली. एरवी तो चौकोन जवळ आला की ती घाईने आपला काढून घ्यायची. आज तिने काढला नाही. पेन पुढे करून टपालवाला दारात उभा असावा तसा तो तिथे लुकलुकत उभा होता, आणि ती त्याच्याकडे बघत मनातल्या मनात म्हणाली, थांब जरा, येतेय मी — पण चालत.