पिवळ्या विमानाचा डावा पाय

मित्रांनो, परळला बंद पडलेल्या एका गिरणीच्या जागेवर आता काचेचे उंच टॉवर उभे आहेत. त्यांच्या मागे, जिथे पूर्वी कापसाच्या गाठी उतरवत, तिथे एक लहानसं विमान संग्रहालय आहे. तिकिटाची खिडकी, पत्र्याचं छप्पर आणि तीन विमानं. दोन छपराखाली आहेत. तिसऱ्याला जागा पुरली नाही, म्हणून ते उघड्यावर आहे. ते जुनं पिवळं विमान म्हणजे मी.

मी लढाईवर कधी गेलो नाही. मी शिकाऊ वैमानिकांचं, दोन माणसांपुरतं विमान. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, त्यावर ताणून बसवलेलं कापड आणि कापडावर रोगण, एवढाच माझा देह. १९६३ साली बंगळूरला माझा जन्म झाला आणि तिथून मला जुहूच्या जुन्या विमानतळावर आणलं. पुढची सत्तावीस वर्षं मी तिथूनच उडालो. कितीतरी मुलामुलींनी पहिल्यांदा जमीन सोडली ती माझ्यासोबत. उतरताना ते मला आपटत, धावपट्टीवरून गवतात नेत. मी कुणावर रागावलो नाही. शिकणारा माणूस चुकणारच, हे मला मान्य होतं.

मला सांभाळायचा तो लवू मेस्त्री. लालबागच्या चाळीतला, गिरणी कामगाराचा मुलगा. विसाव्या वर्षी तो कामाला लागला तेव्हा त्याला पान्याचे आकडेही नीट माहीत नव्हते. पण रोज सकाळी पहिल्या उड्डाणाआधी तो माझ्याभोवती एक फेरी मारायचा. तळहात माझ्या अंगावरून फिरवत जायचा आणि मध्येच बोटाच्या पेराने टकटक करून कान लावायचा. कापड सैल पडलं, नळीला चीर गेली, तर त्याला ते आवाजावरून कळत असे. बोलायचा मात्र फार कमी.

एकदा एका वैमानिकाने त्याला माझ्यात बसवून शहरावरून फिरवून आणलं. गिरण्यांच्या चिमण्या दिसू लागल्या तसं वैमानिक म्हणाला, खाली बघ, तुझं लालबाग आलं. लवूने डोळे मिटून घेतले होते. वैमानिकाला वाटलं, तो घाबरला. खरं तर तो माझं इंजिन ऐकत होता. खाली उतरल्यावर त्याने टोपण उघडलं आणि एक प्लग बदलला.

१९९० साली माझं उडणं थांबलं. नवी विमानं आली, माझे सुटे भाग मिळेनासे झाले. लवूची बदली दुसऱ्या कामावर झाली. पंचवीस वर्षं मी हँगरच्या एका कोपऱ्यात होतो. मग कुणीतरी माझे पंख काढले, मला ट्रेलरवर घातलं आणि परळला आणून पुन्हा जोडलं. नवा पिवळा रंग दिला. भोवती दोरी बांधली. दोरीवर पाटी लावली, ‘हात लावू नये’.

पहिले काही महिने गर्दी झाली. वर्तमानपत्रात फोटोही आला. मग गर्दी ओसरली. येणारे लोक माझ्याकडे पाठ करत, फोनमध्ये बघून हसत आणि निघून जात. त्यांच्या फोटोत मी असायचो, पण मला कुणीच पाहिलेलं नसायचं. माणसांच्या इतक्या जवळ राहून इतकं एकटं वाटू शकतं, हे मला हँगरच्या कोपऱ्यातही कळलं नव्हतं.

त्यात माझा डावा पाय दुखू लागला. पाय म्हणजे चाकाला धरून ठेवणारी लोखंडी नळी. टॉवरच्या एसीचं पाणी एका पाइपातून नेमकं तिथे ठिबकायचं. नळी आतून गंजत गेली. वरून रंग छान दिसत होता. दोन वर्षं मला ते ठाऊक होतं. मी सांगणार कुणाला?

मागच्या वर्षी, एका गुरुवारी दुपारी, एक बाई एका म्हाताऱ्याचा हात धरून आत आली. तिच्या अंगावर जवळच्याच इस्पितळातल्या नर्सचा गणवेश होता. म्हातारा काठीने जमीन चाचपत होता. मी त्याला ओळखलं नाही. मग तो दोरीपाशी थांबला, नाक वर करून वास घेतला आणि हसला. तो लवू होता. काचबिंदूने त्याची दृष्टी गेली होती. ती बाई त्याची सून, मेघना.

लवूने दोरीखालून हात पुढे केला. तेवढ्यात संग्रहालयाचा व्यवस्थापक धावत आला. विक्रांत त्याचं नाव, तिशीतला, मनाने वाईट नव्हता. त्याने पाटीकडे बोट दाखवलं.

“सर, बाबांना दिसत नाही,” मेघना शांतपणे म्हणाली. “ते हातानेच बघतात. यांनी वीस वर्षं हेच विमान सांभाळलंय.”

विक्रांत घुटमळला. मग त्याने दोरी सोडली आणि पाच मिनिटं दिली.

मित्रांनो, तो तळहात आता खरबरीत आणि सुरकुतलेला झाला होता. तरी त्याने पूर्वीसारखी डावीकडूनच सुरुवात केली. पंखाची कड, खिडकी, दाराची मूठ. एका ठिगळापाशी तो थांबला आणि सुनेला म्हणाला की हे त्यानेच शिवलेलं आहे. मग तो खाली बसला आणि त्याची बोटं माझ्या डाव्या पायावर आली. रंगाखाली बारीक फुगे होते. त्याने पेराने वाजवून पाहिलं. पुन्हा वाजवलं. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

“मेघना, ह्येचो पाय बरो नाय. आतसून खाल्लो हा.”

विक्रांतने समजावलं की रंग नवा आहे आणि तपासणीही झालेली आहे. शिवाय रविवारी एका शाळेची मुलं येणार होती आणि फोटोसाठी दोघादोघांना माझ्यात बसवायचं ठरलं होतं. ते ऐकल्यावर लवूने काठी बाजूला ठेवली आणि माझ्या चाकाशेजारी चक्क मांडी घातली. ही नळी तपासल्याशिवाय मी उठणार नाही, असं तो म्हणाला. मेघनाची ड्यूटी सुरू व्हायची वेळ झाली होती. तिने फोन करून उशीर होईल असं कळवलं आणि तीही त्याच्या शेजारी बसली.

अर्ध्या तासाने विक्रांतने टॉवरचा फिटर बोलावला. फिटरने रंग खरवडला आणि स्क्रूड्रायव्हर टेकवून जरा जोर दिला. तो नळीतून आरपार गेला.

 मग विक्रांत लवूसमोर वाकून बसला आणि त्याने विचारलं, “आजोबा, आता काय करायचं, सांगा.”

रविवारचा कार्यक्रम रद्द झाला. माझ्या पोटाखाली लाकडी ठोकळे लावले, गंजलेली नळी कापून नवी बसवली, एसीचा पाइप वळवला. लवू दर गुरुवारी येऊ लागला. तो हात फिरवून सांगायचा, फिटर तसं करायचा. अकरा गुरुवार मी सुखात होतो.

मग लवूची चाळ पुनर्विकासाला गेली आणि कुटुंब बदलापूरला भाड्याने राहायला गेलं. दिसत नसलेल्या म्हाताऱ्याला तिथून परळला आणणं सुनेला जमेना. ती एकटी मात्र ड्यूटीवर जाता जाता डोकावायची आणि दोरीपाशी उभी राहून फोन लावायची. हो बाबा, बघितलं. नाही, गंज नाही. तिकडून त्याचा आवाज पुसट ऐकू यायचा. पुढे तिचीही दुसऱ्या इस्पितळात बदली झाली. विक्रांतनेही नोकरी सोडली. नव्या माणसाला यातलं काही माहीत नाही. लवू आज कसा आहे, मला कळायला मार्ग नाही.

मित्रांनो, मला पुन्हा उडायचं नाही. तुम्ही मला विसरू नका, असंही मी म्हणत नाही. पण कधी परळला आलात, तर फोटो काढून झाल्यावर जरा थांबा. खाली वाकून बघा. माझ्यासारखी न बोलणारी म्हातारी यंत्रं, आणि माणसंही, तुमच्या आसपास पुष्कळ आहेत. आमचं दुखणं रंगाखाली असतं. काही वेगळं दिसलं, तर तिथल्या मोठ्या माणसाला सांगा. त्याने ऐकलं नाही, तर पुन्हा सांगा.