डब्यावरचं हसू

कोपऱ्यावरच्या दुकानात शिरताच धाकट्यांचा हात सवयीने फळीकडे गेला आणि मध्येच थांबला. दंतमंजनाचे सगळे डबे पाठमोरे होते. एखादा चुकून फिरलेला असता तर त्यांनी तो गुपचूप सरळ केला असता. पण इथे अख्खी रांगच शिक्षा झालेल्या मुलांसारखी भिंतीकडे तोंड करून उभी होती.

"हे काय?"

दुकानदार तराजू पुसत राहिला. तो आधीच लखलखीत होता. "काच महाग झालीय हो, धाकटे. पलीकडच्या दुकानाची परवा फोडली. दर्शनी कपाटात डब्यावरचा हा चेहरा दिसला, एवढंच कारण."

"कुणी फोडली?"

"गिऱ्हाइकांनीच. इंधनाच्या रांगेत दिवस काढायचा, रिकामा डबा घेऊन परत यायचं आणि वर हे हसू बघायचं. डोकं फिरतं माणसाचं. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. मंजन तेच वापरतो मी. फक्त अंधारात."

स्वतःच्या विनोदावर तो हसला. धाकट्यांनाही हसावंसं वाटलं, पण त्यांनी ओठ मिटूनच ठेवले. हल्ली चारचौघांत ते दात दाखवत नसत.

त्याला कारण होतं. धाकटे साठी ओलांडलेले गृहस्थ. पण घरात, कारखान्यात, गल्लीत त्यांना दुसरं नाव नव्हतं. धाकटे म्हणजे दादांचे धाकटे. आणि दादा आता साऱ्या देशाचे दादा होते, पंतप्रधान होते. एके काळी भाड्याच्या खोलीत दोघे भाऊ रात्रंदिवस मंजन कुटायचे आणि दारोदार विकायचे. अडचण एकच होती. दादांचा पुढचा एक दात अर्धा तुटलेला, बाकीचे आपापल्या मर्जीने उगवलेले. अशा तोंडाने दंतमंजन विकायचं म्हणजे टकल्याने केसांचं तेल विकण्यातलाच प्रकार. म्हणून दादा बोलायचे आणि शेजारी उभे राहून धाकटे हसायचे. "हा माझा भाऊ. लहानपणापासून हेच वापरतो," दादा छातीठोकपणे सांगायचे. मंजनाचा जन्म होऊन तेव्हा महिनाही झालेला नव्हता.

पुढे पत्र्याचा डबा काढायचं ठरलं तेव्हा चित्रकाराने चेहरा दादांचा घेतला आणि दात धाकट्यांचे. घरात कितीतरी दिवस हसून हसून पुरेवाट झाली. पैसा आल्यावर दादांनी उरलेसुरले दात काढून टाकले, दंतवैद्यासमोर डबा ठेवला आणि म्हणाले, "अस्से." तेव्हापासून चित्र आणि माणूस एक झाले.

व्यापारी संघटनेचं अध्यक्षपद, मग खासदारकी, मग मंत्रिपद. निवडणुकीत दादांनी चेहऱ्याची पोस्टरं छापलीच नाहीत. "सकाळी उठल्यावर प्रत्येक घरात पहिलं तोंड माझंच बघतात. भिंती कशाला खराब करायच्या?" असं ते भाषणात सांगायचे आणि मैदान खदखदून हसायचं. ते खरंही होतं. त्या डब्याने दादांना निवडून आणलं. आता इंधनटंचाईत तोच डबा रोज सकाळी लोकांच्या जखमेवर मीठ चोळत होता.

कारखान्यात परत आलेल्या मालाने गोदाम भरलं होतं. जिन्याखाली खोकी, जेवणाच्या खोलीत खोकी. कामगार खोक्यांवरच बसून जेवत. ठोक व्यापाऱ्यांनी निरोप धाडला होता: रविवारी संध्याकाळपर्यंत डबा बदलल्याचं कळवा, नाहीतर यापुढे माल पाठवू नका.

धाकट्यांनी भीतभीतच नवा पत्रा छापून ठेवला होता. साधा निळा. वर फक्त मंजनाचं नाव, चेहरा नाही. तो यंत्रावर चढवायचा की नाही, एवढाच प्रश्न होता. दादांनी मंत्री होताना कारखाना धाकट्यांच्या नावे केला होता. सही त्यांची, शिक्का त्यांचा. पण आयुष्यभर कुठल्याही प्रश्नाला त्यांनी एकच उत्तर दिलं होतं, "दादांना विचारतो." कामगार त्यांची नक्कल करत. चहात साखर किती घालू, असं कुणी विचारलं की दुसरा म्हणे, "थांब, दादांना विचारतो."

फोनवर दादा काही सापडेनात. शेवटी रविवारी दुपारी, कुणालाही न कळवता, ते स्वतःच कारखान्यात आले. मागच्या फाटकातून, दोन साध्या गाड्यांतून.

मॅनेजरबाईंनी निळा पत्रा टेबलावर पसरला. दादांनी तो पाहिला, बोटाने रंग घासून पाहिला आणि म्हणाले, "आत्ता नाही."

"दादा, माल परत येतोय," धाकटे म्हणाले. चारचौघांत ते दादांना 'तुम्ही' म्हणायचे, पण आज त्यांना भान नव्हतं. "तू गोदाम तरी बघ."

"येऊ दे. येत्या आठवड्यात संसदेत विश्वासदर्शक ठरावावर मतदान आहे. माझ्याच घरच्या डब्यावरून माझा चेहरा गेला तर उद्या पेपरात काय छापून येईल? सख्ख्या भावानेही काढला! निम्मे खासदार तेवढंच निमित्त शोधतायत."

"आणि ही माणसं? पगार कशातून करू?"

 दादांचे डोळे चमकले. जुनी युक्ती सुचल्यावर चमकायचे तसे. "हसूच खुपतंय ना लोकांना? मग चेहरा राहू दे, तोंड मिटून टाका. गंभीर करा मला."

मॅनेजरबाईंनी एका जुन्या डब्यावरचं तोंड अंगठ्याने झाकून बघितलं. "रागावू नका साहेब, पण दंतमंजनाच्या डब्यावर तोंड मिटलेला माणूस म्हणजे दाढ ठणकतेय असंच वाटेल."

दादा खो खो हसले. हसता हसता खोकला आला, तशी त्यांनी हाताने बाईंना बाहेर जायची खूण केली. दार लागल्यावर त्यांनी कवळी काढली आणि रुमालात गुंडाळली. हिरड्या लाल झाल्या होत्या. गाल आत गेले, हनुवटी वर आली, आणि धाकट्यांना त्या तोंडात एकदम भाड्याच्या खोलीतला दादा दिसला.

"टोचते," दादा बोबडं बोलले. "वजन उतरलंय माझं. झोप नाही." मग भिंतीकडे बघत म्हणाले, "खरं सांग. लोक फार शिव्या देतात का रे मला?"

 सगळ्या प्रश्नांत नेमका हाच प्रश्न धाकट्यांना कुणाला विचारता येण्यासारखा नव्हता.

"चल," ते म्हणाले. "दाखवतो."

धाकट्यांच्या जुन्या गाडीतून ते कोपऱ्यावर गेले. पलीकडच्या दुकानाची फुटलेली काच वाटेतच दिसली. मागे एक अंगरक्षक गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. रविवारची दुपार, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. दादांनी कवळी पुन्हा बसवली आणि दुकानाची पायरी चढले.

दुकानदार ताडकन उठला. त्याने पाहुण्याकडे पाहिलं, मग फळीकडे, आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. तो दोन्ही हातांनी धडाधड डबे फिरवू लागला. एक डबा खाली पडून घरंगळत गेला. एकेक करून दादा बाहेर बघू लागले. हसरे दादा. सगळे एकसारखे.

"ऊन लागतं हो, दादा," दुकानदार म्हणाला. "रंग उडतो, म्हणून आपले उलटे..."

त्या फळीवर कधीच ऊन येत नव्हतं. दिवसासुद्धा तिथे दिवा लावावा लागे. हे तिघांनाही ठाऊक होतं.

दादांनी वाकून पडलेला डबा उचलला. धाकट्यांना आठवलं, विक्रीला नेताना दादांनी शिकवलेला पहिला नियम: डबा ठेवायचा तो चेहरा बाहेर करून. दुकानदार भांडला तरी चालेल, माल उधार मागितला तरी चालेल, पण चेहरा बाहेर. दादांनी तसाच तो डबा फळीवर ठेवला, चेहरा बाहेर. क्षणभर त्याच्याकडे बघितलं. मग हळूच फिरवून भिंतीकडे केला.

"काच जपा," ते दुकानदाराला म्हणाले.

गाडी परत फिरली. धाकट्यांना वाटलं, झालं, सुटलो. पण कारखान्याच्या फाटकाशी उतरताना दादा म्हणाले, "मतदान होईपर्यंत थांब. तेवढं माझ्यासाठी कर." आणि त्यांच्या दोन्ही गाड्या निघूनही गेल्या.

यंत्राशेजारी मॅनेजरबाई उभ्या होत्या. त्यांच्यामागे कामगार. रविवार असूनही सगळे आले होते; आज कुणी नक्कल करत नव्हतं.

"व्यापाऱ्यांचा फोन येऊन गेला," बाई म्हणाल्या. "दादा काय म्हणाले?"

 धाकट्यांना 'हो म्हणाले' असं सांगता आलं असतं. कुणी खात्री करायला जाणार नव्हतं.

"नाही म्हणाले."

मागे कुणीतरी खोक्यावर बसलं. पत्रा चेपल्याचा आवाज आला.

"मग?" बाईंनी विचारलं.

धाकट्यांनी निळ्या पत्र्याकडे पाहिलं.  संसदेतली ती मोजणी, उद्याचा पेपर, कवळी गुंडाळलेला रुमाल, सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं. आणि खोक्यांवर बसून जेवणारी माणसंही.

"मग काय," ते म्हणाले, "चालू करा."

बाईंनी ऐकू न आल्यासारखं त्यांच्याकडे पाहिलं. "दादांना..."

"विचारलं. आता मी सांगतोय."

यंत्र धडधडलं. पहिला निळा डबा पट्ट्यावरून आला तो धाकट्यांनी उचलला. अजून गरम होता. टेबलावर नीट ठेवायला गेले आणि अडखळले. नाव गोल फिरून सगळीकडून सारखंच दिसत होतं. पुढची बाजू कुठली, हेच कळेना. त्यांनी डबा दोनदा फिरवला आणि तसाच हातात धरून ठेवला.

दिवेलागणीला टेबलावरचा फोन वाजला. बाई उचलायला निघाल्या, पण धाकटे आधी पोचले. दादांचा फोन वाजत ठेवणं त्यांना उभ्या जन्मात जमलं नव्हतं.

"चालू केलंस?" पलीकडून बोबडा आवाज आला. कवळी काढलेली होती.

"हो."

 धाकट्यांनी फोनची तार बोटाला गुंडाळली, सोडवली, पुन्हा गुंडाळली. दादांनी एकदाचं बोलून टाकावं, असं वाटत होतं. आणि बोलूच नये, असंही.

"त्या पत्र्याचा निळा," दादा म्हणाले, "दिव्याखाली कसा दिसतो?"

धाकट्यांनी डबा दिव्याजवळ नेला. 

"थोडा काळपट दिसतो."

"मग एक छटा फिका घे. दुकानांत अंधार असतो," दादा म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.