दुसऱ्या घरची प्रत

रामकिसनने चादरीच्या गाठी सोडल्या आणि सीपीयू नदीमच्या काउंटरवर अलगद टेकवला. मोटरसायकलवर मागे बायकोला बसवून, हे धूड तिच्या मांडीवर देऊन त्याने ते रेल्वे फाटकाच्या पलीकडून दुकानापर्यंत आणलं होतं. "पोरीला ताप आल्यावर बी एवढं जपून न्हेलं न्हाई कधी," असं बोलून बायको बाजारात निघून गेली.

"टकटक करून राह्यलंय," रामकिसन म्हणाला. "तीन दिवस झाले. मी भेवानं बंदच ठेवलंय."

नदीमने वायर जोडली आणि कान जवळ नेला. आत दोनदा टकटक झालं, मग घरघर. त्याने लगेच बटण दाबून ते बंद केलं.

"हार्ड डिस्क चाललीय, काका. अजून धुगधुगी आहे, पण जल्दी करावं लागेल."

"मंग दुसरी टाक. सगळ्यात भरोशाची दे. वीस वर्षं हलली न्हाई पायजे."

नदीमने मागच्या कप्प्यातून तीन डबे काढून ओळीने मांडले. एक साधी फिरती डिस्क, दोन वर्षांची वॉरंटी. दुसरी तशीच, पण महागातली, पाच वर्षांची. तिसरी एसएसडी, तळहाताएवढी, आत काही फिरतच नाही. रामकिसनने तिन्ही उचलून हातात तोलून बघितल्या, वजनावरूनच माल कळणार असल्यासारख्या.

"ही पाच वर्षंवाली बराबर वाटती."

"काका, वॉरंटी डब्याची असते. बिघडली तर कंपनी तुम्हाला नवा डबा देईल. आतला माल कोण देणार? अन् ही छोटी लई फास्ट आहे, पण जाते तेव्हा टकटक बी करत नाही. सकाळी उठून बघावं तर गेलेली." नदीमने सीपीयूकडे बोट केलं. "आहे काय यात एवढं?"

आत काय आहे हे नदीमला ठाऊक नव्हतं असं नाही. त्याच्या स्वतःच्या निकाहचं कार्ड रामकिसननेच जुळवलं होतं. एकवीस वर्षं हा माणूस घरच्या कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका करून देत होता. आष्टीपासून परतूरपर्यंत कुणाच्या घरात कार्य निघालं की माणूस त्याच्या ओसरीवर येऊन बसे आणि म्हणे, थोरल्याच्या पत्रिकेत होती तश्शीच नावं टाका. कुणाचं नाव कुणाच्या वर, कोणते मामा आधी, कुणामागे आता 'कै.' लावायचं, कोण दोन वर्षांपासून बोलत नाही म्हणून गाळायचं, हे सगळं त्या डब्यात होतं. नावाची जागा एका ओळीने खाली सरकली तर जेवणाच्या पंगतीतून माणसं उठून जातात. हा काय पोरखेळ आहे? तुळशीचं लग्न आठ दिवसांवर आलेलं, पुढे तिथींची रांग लागलेली, आणि डब्यात टकटक.

"सगळ्या तालुक्याची सोयरीक हाय यात," रामकिसन म्हणाला.

"मग एकीवर भरोसा ठेवूच नका. बिलकुल नका. साध्या दोन घ्या. एक कॉम्प्युटरात बसवतो, दुसरीवर सगळं उतरवून देतो. अन् ती दुसरी घरात ठेवायची नाही."

"मंग कुठं?"

"दुसऱ्या घरी. घरात वीज पडली, चोरी झाली, तर दोन्ही संगटच जातील ना. ज्याच्यावर भरोसा आहे त्याच्या घरी द्या. आणि नुसती पडू द्यायची नाही, सहा महिन्यांनी लावून बघायची."

रामकिसनने दोन साध्या डिस्का निवडल्या. उतरवायला चार तास लागणार होते. तो बाहेर बाकड्यावर बसला. समोरून सरकीची गाडी गेली, धूळ उडवून गेली.

भरोशाचं घर. मेहुण्याचं नाव आलं, पण मेहुण्याची पोरं हातात सापडेल ते उघडून बघतात. शेजाऱ्याचं आलं, तर शेजारी आणि आपण एकाच विजेच्या खांबावर. उरलेलं नाव त्याने मनात घेतलं नाही. घेतलं नाही म्हणावं तर तेच तेवढं फिरून फिरून येत राहिलं.

पुंजाराम, त्याचा थोरला भाऊ. आष्टीला राहणारा, वडिलांच्या मागे त्याला शिकवणारा. चार वर्षांपूर्वी आकांक्षाचं, म्हणजे रामकिसनच्या एकुलत्या पोरीचं लग्न झालं, आणि तिच्या पत्रिकेत तेवढंच एक नाव नव्हतं.

झालं होतं ते असं. त्याच्या आधी सहा महिने चुलतभाऊ शिवाजीच्या घरचं लग्न होतं. शिवाजीचं आणि पुंजारामचं बांधावरून वाजलेलं, म्हणून शिवाजीने पुंजारामचं नाव गाळायला लावलं. पोरीची पत्रिका करताना रामकिसनने घाईत तीच फाईल उघडली, नवरा-नवरी बदलले, तारीख बदलली, आणि छापायला धाडून दिली. दुनियेची नावं चारचारदा तपासणाऱ्याने घरचीच वाचली नाहीत. पहिली पत्रिका देवापुढे ठेवली, दुसरी घेऊन तो आष्टीला गेला. पुंजारामने चष्मा लावून ती वाचली, घडी घातली आणि पाणी दिलं. घरी येऊन रामकिसनने पत्रिका वाचली, तेव्हा कुठे चूक दिसली. पुंजाराम लग्नाला आला नाही.

तेव्हा सांगता आलं असतं. पण काय सांगणार? दर गिऱ्हाइकाला रामकिसन स्वतःच ऐकवायचा, नीट वाचून घ्या बरं का, पत्रिकेत नाव चुकून राहिलं हे जगात कुणी मानत नसतं. एकवीस वर्षं दुसऱ्यांना शिकवलेलं शहाणपण त्याच्याच गळ्यात येऊन पडलं. चूक झाली म्हणायची लाज वाटली आणि दिवस गेले.

नदीमने डिस्क फुग्यांच्या प्लास्टिकाच्या रुमालाएवढ्या तुकड्यात गुंडाळून दिली.

"सगळं उतरलं, काका. एक फाईल बी गेली नाही."

रामकिसनने बाजारातून परतलेल्या बायकोला आणि सीपीयूला घरी सोडलं आणि डिस्क शर्टाच्या आत ठेवून मोटरसायकल आष्टीच्या रस्त्याला लावली.

पुंजाराम ओसरीवर सूप घेऊन पेरणीचा हरभरा निवडत होता. त्याने मान वर केली आणि परत खाली घातली. वहिनी, नंदाबाई, दारात आली. दोघांकडे एकेकदा बघून, "बसा, भावजी," म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

रामकिसन पायरीवर बसला. डिस्क काढून त्याने सुपाशेजारी ठेवली.

"काय ह्ये?"

"दादा, माझ्या सगळ्या पत्रिका हायत यात. एक प्रत घरी हाय. ही दुसरी दुसऱ्याच्या घरी ठेवायची असती. भरोशाच्या."

पुंजारामची बोटं हरभऱ्यातून फिरत राहिली. एक किडका दाणा त्याने अंगणात टाकला, मग अजून एक. कोंबडीने दोन्ही टिपले.

"आकांक्षाच्या पत्रिकेत तुझं नाव मी गाळलं न्हाई," रामकिसन म्हणाला. आवाज त्याला वाटला होता त्यापेक्षा बारीक निघाला. "शिवाजीच्या पत्रिकेवरून यादी उचलली अन् वाचलीच न्हाई. माझी चूक हाय, दादा."

"तवा कामून बोलला न्हाईस?"

"लाज वाटली."

पुंजारामने सूप खाली ठेवलं.

"पाच वेळा वाचली मी ती. म्हणलं, चष्म्याचा नंबर वाढला आसल. हिला वाचायला लावली. हिला बी सापडंना." त्याने चष्मा काढून पुसला. "पोरीच्या डोक्यावर अक्षदा टाकायच्या राह्यल्या माझ्या."

रामकिसनला रडू आलं आणि त्याने ते लपवलं नाही. चहा घेऊन आलेली नंदाबाई उंबऱ्याशीच उभी राहिली. ताटलीतले कप किणकिणले.

मग पुंजारामने ती गुंडाळी उचलली. उलटीसुलटी करून बघितली.

"आई पेरणीचं अर्धं बियाणं मामाकडं ठिवायची. ध्यानात हाय?"

"हाय की."

"मामाशी बोलणं नसलं तरी ठिवायची." तो उठून आत गेला. फडताळ उघडल्याचा आवाज आला, काहीतरी सरकवलं, मग दार लागलं. बाहेर येऊन त्याने चहाचा कप उचलला. "ठिवली की झालं का?"

"न्हाई. पडून ऱ्हायली तर बिघडती. मधीमधी घरी न्यायची, लावून बघायची, अन् परत आणून द्यायची."

"किती दिवसाला?"

रामकिसनने कपात बघितलं. नदीमचे शब्द त्याला अगदी स्वच्छ आठवत होते.

"दर म्हैन्याला," तो म्हणाला.

पुंजारामने चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. घोटभर चहा घेतला, कप खाली ठेवला, आणि हरभऱ्याचं सूप पुन्हा मांडीवर ओढलं.

"मंग अमावस्येला येत जाय. त्या दिशी औत धरत न्हाई, मी घरीच आसतो."