देवाचा इथं काही संबंध नाही

क्लादिना गावच्या चर्चमध्ये त्या शनिवारी मुंगीला शिरायला जागा नव्हती. एरवी नाताळच्या प्रार्थनेलासुद्धा चारच म्हाताऱ्या यायच्या, आणि त्यातली एक झोपायची. आज मात्र सगळं गाव लोटलं होतं. बाकांवर मांडीला मांडी लावून माणसं बसली होती, खांबांना टेकून उभी होती. वेदीवरच्या मेणबत्त्या बाजूला सारून तिथं काचेचे दोन मोठे जार ठेवले होते, आणि जारांच्या मागे राखाडी कोटातला राडोवान उभा होता. तो म्हणे कुठल्याशा कंपनीत इंजिनिअर होता. गावात सगळे त्याला इंजिनिअरसाहेबच म्हणत.

"देव मानता का तुम्ही?" त्यानं विचारलं.

मागच्या बाकावर कुणीतरी जांभई दिली.

"उत्तम! मीही मानत नाही. नाकारतही नाही. कशाला डोकं शिणवायचं? देवाचा इथं काही संबंध नाही. पण मंडळी..." त्यानं बोट वर केलं. "काहीतरी आहे!"

"काहीतरी आहेच!" अख्खं चर्च एका सुरात म्हणालं.

खांबापाशी उभ्या असलेल्या ब्लांकाबाईंना हसू आवरेना. गावच्या शाळेत त्या रसायनशास्त्र शिकवत. याच माणसानं वसंतात पहिल्यांदा पत्रकं लावली होती, त्यांवर 'ईश्वरी कृपेचा झरा' असं लिहिलं होतं. तेव्हा एक माणूस फिरकला नाही. पुढच्या खेपेला त्यानं 'ईश्वरी कृपा' खोडून तिथं 'वैश्विक कंपनं' लिहिलं, आणि गावानं रांगा लावल्या. झरा तोच, चर्चच्या मागचा. माणूसही तोच.

पण वेदीपुढच्या रांगेत आपले वडील दिसले आणि ब्लांकाबाईंचं हसू मावळलं.

ओताकार, वय वर्षं अठ्ठ्याहत्तर. रेल्वेत सिग्नलवर आयुष्य काढलेला माणूस. हृदय थकलेलं, पायांवर सूज. डॉक्टरांच्या गोळ्यांवर गाडी चालली होती. राडोवाननं त्यांना डाव्या जारातलं पाणी पेल्यात ओतून दिलं. स्वच्छ, नितळ पाणी. त्यात गव्हाची पोकळ काडी बुडवली.

"फुंका, आजोबा! आत साठलेली घाण बाहेर येऊ द्या."

ओताकार फुंकत राहिले. पाणी आधी धूसर झालं, मग चक्क दुधासारखं पांढरं. चर्चभर 'अरे बापरे' झालं.

"बघा! चाळीस वर्षांच्या औषधांचं विष आहे हे! आता गोळ्या बंद. रोज झऱ्याचं पाणी प्यायचं. ही घाण बरणीत घेऊन जा आणि स्वतःच्या हातानं अंगणात पुरा."

घरी जाताना ब्लांकाबाई म्हणाल्या, "बाबा, गोळ्या बंद करायच्या नाहीत हं."

"तू माझ्या पोटातनं निघालेलं पाहिलंस ना?"

"पोटातनं नाही, फुप्फुसातनं."

"तेच ते. आणि हे बघ, मी काही भोळा नाही. देवाबिवाच्या नादाला मी कधी लागलो नाही. तुझी आई गेली तेव्हासुद्धा नाही. म्हणून मला कुणी फसवू शकत नाही."

ब्लांकाबाईंनी दुसऱ्या दिवशी बटाट्याच्या सूपमध्ये गोळी कुस्करून घातली. म्हाताऱ्यानं एक घोट घेतला, चमचा खाली ठेवला आणि सगळं सूप मोरीत ओतलं. त्यानंतर ओताकार स्वतःचं स्वतः शिजवून खाऊ लागले. तीनचार दिवसांत त्यांचे बूट पायात जाईनात. जिना चढताना मध्येच थांबून ते कठड्यावरची धूळ पुसल्याचं नाटक करू लागले.

बरणी खिडकीत तशीच होती. पुरायचं राहून गेलं होतं. एका दुपारी ब्लांकाबाईंचं लक्ष गेलं. पाणी वर पुन्हा नितळ झालं होतं आणि तळाशी पांढरा साका बसला होता. त्यांनी वरचं पाणी अलगद ओतलं आणि साक्यावर काकडीच्या लोणच्यातलं व्हिनेगर टाकलं. बारीक बुडबुडे फसफसून वर आले.

"खडू!" त्या स्वतःशीच म्हणाल्या. बाबांच्या चाळीस वर्षांच्या औषधांचं विष त्या रोज फळ्यावरून फडक्यानं पुसत आल्या होत्या.

त्या तडक फादर लेशेक यांच्याकडे गेल्या. फादर पोलंडहून आलेले. सहा गावांची सहा चर्चं एका खिळखिळ्या गाडीतून सांभाळायचे. ते बॉनेट उघडून उभे होते.

"फादर, हाकला ना त्याला. चर्च तुमचं आहे."

"माझं कसलं? भाड्यानं देण्याचं पंचमंडळानं ठरवलं. आणि मी हाकललं तर तो तुमच्या गुत्त्यात बसेल. लोक म्हणतील, बघा, पाद्र्यानं सत्य दडपलं." त्यांनी हात पुसले. "बाई, चमत्कार हे माझं खातं. मी सांगतो, हा चमत्कार नाही. पण माझं ऐकणार कोण? या गावात बारा वर्षांत मला कुणी साधी शिवीसुद्धा दिली नाही. नास्तिक असते तर भांडले तरी असते. तुमचंच सांगा, देव आहे की नाही?"

"मला खरंच तो प्रश्न पडत नाही, फादर. असला तर असो, नसला तर नसो. मला शनिवारी वेदीपाशी उभं राहायचंय, तेवढं बघा."

फादरनी दुखावल्यासारखं तोंड केलं. मग हसले. "चला, निदान कुणाला तरी वेदीपाशी यावंसं वाटलं!"

पुढच्या शनिवारी गर्दी आणखी वाढली होती. त्या दिवशीचा मुख्य कार्यक्रम होता ओताकारची 'अंतिम शुद्धी'. दोन माणसांच्या खांद्यांवर हात टाकून म्हातारा वेदीपर्यंत आला. राडोवाननं या वेळी उजव्या जारातलं पाणी ओतलं. ओताकार फुंकू लागले. दर फुंकरीनंतर धाप लागत होती. पाणी मात्र नितळच राहिलं.

"शुद्ध! संपूर्ण शुद्ध!" राडोवान ओरडला. टाळ्या पडल्या.

"मीही फुंकते," ब्लांकाबाई पुढे झाल्या. "याच जारातलं द्या."

"बाई, तुमची तर पहिली पायरीही झाली नाही..."

"म्हणूनच. सिगारेट ओढते मी, सगळ्यांना ठाऊक आहे. घाण तर भरपूर निघायला हवी." त्यांनी स्वतःच पेला भरून फुंकला. पाणी जसंच्या तसं. "म्हणजे मीही शुद्ध. आता या डाव्या जारातलं बघू." पाणी पांढरं झालं. "झाले पुन्हा अशुद्ध. अर्ध्या मिनिटात!"

लोक हसले, पण राडोवान मुरलेला होता. "कंपनं, बाई! तुमचा अविश्वास पाण्यात उतरतोय!"

माना डोलल्या. ब्लांकाबाईंनी पिशवीतून बिअरची बाटली काढली. गुत्तेवाल्या व्लास्ताच्याच भट्टीवरची. झाकण उघडून शाळेतलं रबरी बूच बसवलं, त्यातली नळी डाव्या जारातल्या पाण्याच्या नव्या पेल्यात सोडली आणि बाटली हलकेच हलवली. बुडबुडे सुटले. पाणी दुधाळ झालं.

मागच्या बाकांवरचे लोक बघायला उभे राहिले.

"इंजिनिअरसाहेब, या बिअरला काय आजार झालाय?"

राडोवान क्षणभर गडबडला, आणि त्यानं आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक केली. "अहो, बिअरमध्येसुद्धा विष असतंच!"

"कुणाच्या बिअरमध्ये?" व्लास्ता उठली. ती उठली की गुत्त्यातले पैलवानही आपापली टोपी शोधत.

"म्हणजे सर्वसाधारणपणे..."

"माझ्या आज्यापासून चालत आलेली भट्टी आहे ती! कुणाच्या बिअरमध्ये विष, ते नाव घेऊन सांग!"

मग जो गोंधळ उडाला, तो या चर्चनं धर्मयुद्धाच्या काळातही पाहिला नसेल. ज्यांना देवाचं काही पडलं नव्हतं ते सगळे बिअरच्या अब्रूसाठी बाक ओलांडून धावले. राडोवान मागच्या दारानं निसटला. त्याच्यामागे दारापाशी उभे असलेले फादर लेशेक झऱ्याकडे गेले आणि तिथं लपवलेलं पोतं ओढत परत आले. ते भिंती रंगवायच्या चुन्याचं होतं.

"थांबा!" ब्लांकाबाई ओरडल्या. "बिअरचा अपमान केला म्हणून त्याला पळवलंत, याचा मला काही आनंद नाही. उद्या बिअरची स्तुती करणारा येईल, त्याच्या मागे जाल! हे पाणी म्हणजे चुन्याची निवळी. चुना पाण्यात कालवायचा, गाळ बसू द्यायचा, वरचं नितळ पाणी घ्यायचं. आपल्या श्वासात कार्बन डायऑक्साइड असतो, तो निवळीत गेला की खडू तयार होतो. तोच वायू बिअरच्या बुडबुड्यांत. उजव्या जारात साधं पाणी आहे, त्याला काही होत नाही. झालं, संपलं! तुमच्यातल्या निम्म्यांनी हा प्रयोग माझ्या वर्गात केलाय. देव आहे का, हे विचारू नका, खुशाल विचारू नका. मीही विचारत नाही. पण त्या एका प्रश्नाची फिकीर नाही म्हणून बाकीचेही सोडून द्यायचे? जारात काय आहे, एवढं विचारायला काय लागतं? माझ्या बापानं..."

त्या वळल्या आणि वाक्य तिथंच राहिलं. ओताकार वेदीच्या पायरीवर बसले होते. ओठ निळसर, एक हात छातीवर. ओरडाओरडीत कुणाचं तिकडे लक्षच गेलं नव्हतं.

फादरची गाडी त्या दिवशी पहिल्याच किल्लीला सुरू झाली. व्लास्ता मागच्या सीटवर म्हाताऱ्याला धरून बसली. रस्ताभर ती त्याला शिव्या देत होती आणि रडत होती.

जिल्ह्याच्या इस्पितळात त्यांच्या अंगातलं पाणी उतरवायला बरेच दिवस गेले. डॉक्टर म्हणाले, आणखी एक आठवडा झाला असता तर काही खरं नव्हतं. गावात पंधरवडाभर बिअरचीच चर्चा चालली. चुन्याची फार नाही.

ब्लांकाबाई एका संध्याकाळी इस्पितळात पोचल्या, तर वॉर्डाच्या दारात नर्स कपाळाला हात लावून उभी होती.

"तुमच्या वडिलांना समजवा हो. प्रत्येक गोळीला विचारतात, ही कशाची? पोटात गेल्यावर काय करते? नाही घेतली तर काय होईल? शेजारच्या पाच पेशंटांनाही शिकवून ठेवलंय. माझी फेरीच संपत नाही!"

आतून ओताकारचा आवाज आला, अजून थोडा दमलेला. "सिस्टर, त्या पिवळीचं सांगायचं राहिलं!"

"सांगा ना त्यांना," ब्लांकाबाई म्हणाल्या. त्यांनी डोळे पुसले आणि नर्सच्या मागोमाग आत जाऊन खुर्ची ओढून बसल्या, पिवळ्या गोळीचं ऐकायला.