अंगाला लागलेलं

चार वर्षांच्या संस्कृतीला न्हाऊ घालताना तिच्या काखेत काळे केस दिसले, तसा दिपालीच्या हातातला तांब्या थांबला. तिचा पहिला संशय गेला सासूवर. बनुबाई अकोले गावच्या बाजारातून कसलीशी पुडी आणून नातीला दुधातून द्यायच्या. दिपालीनं ती उकिरड्यावर फेकली.

"म्या काय इख घातलं व्हय पोरीला?" बनुबाई रडकुंडीला आल्या. दोघींचं बोलणं तुटलं.

पुडी बंद झाली तरी पोरीचा आवाज घोगरा होत चालला, फ्रॉक बघता बघता आखूड झाले. दिपाली पिशवीच्या दुधाकडं, अंड्यांकडंसुद्धा वाकड्या नजरेनं बघू लागली. शेवटी नवऱ्याला, सुनीलला, सोबत घेऊन तिनं नगर गाठलं.

तिथं मुलांच्या हार्मोनच्या डॉक्टरीणबाईंनी सगळ्या तपासण्या करून घेतल्या आणि मनगटाचा एक्स-रे उजेडात धरला. "हाडं सहा वर्षांच्या मुलीची दिसतायत. रक्तात पुरुषांचं हार्मोन वाढलंय. पोटात गाठबिठ नाही. घरात कुणी त्या हार्मोनचं जेल अंगाला चोळतं का? कातडीला कातडी लागली तरी ते मुलांच्या अंगात उतरतं."

"न्हाई," सुनील म्हणाला. बाईंचं बोलणं पुरतं संपायच्याही आत.

दिपालीला ते खटकलं. एरवी चहा घेणार का विचारलं तरी हा माणूस घटकाभर विचार करायचा.

परतीच्या एसटीत संस्कृती पेंगुळली आणि तिनं बापाकडं हात पसरले. रोज ती त्याच्या उघड्या खांद्यावर गाल टेकूनच झोपायची. सुनीलनं तिला उचललं नाही. "आईकडं जा," म्हणत तो खिडकीकडं सरकला. पोर रडून लाल झाली, तरी त्यानं मान वळवली नाही.

घरी पोचताच दिपालीनं दार लोटलं. "अहो, तुमी अंगाला काय लावता?"

"काय न्हाई."

"मग घ्या की तिला खांद्यावर."

तो जागचा हलला नाही. मग पेटीतल्या कपड्यांखालून एक ट्यूब काढून त्यानं तिच्या हातावर ठेवली. "लई थकवा यायचा. तपासलं तर हार्मोन कमी निघालं. लोकांना कळलं असतं तर काय म्हनले असते? लावल्यावर अंग झाकायला सांगितलं हुतं. उकाड्यात मी..."

"अन् मी तुमच्या आईंना नको नको ते बोलले."

"तवा मला ठावं नव्हतं गं."

"डॉक्टरीणबाईंसमोर तर कळलं हुतं ना?"



दुसऱ्या दिवशी सुनीलनं स्वतःच डॉक्टरीणबाईंना फोन लावला. जेल सुटलं, त्याच्या डॉक्टरानं इंजेक्शन सुरू केलं. दिपालीनं सासूचे पाय धरले. बनुबाई बोलू लागल्या, पण नातीला शेंगदाण्याचा लाडू द्यायचा तरी आधी सुनेला विचारतात.

काही महिन्यांत संस्कृतीच्या रक्तातलं हार्मोन ताळ्यावर आलं. आवाज अजून जाडच आहे, आणि उंची वेळेआधी थांबू नये म्हणून हाडांवर लक्ष ठेवायला नगरच्या फेऱ्या चालू आहेत. तिथं आता सुनीलच पुढं होऊन बोलतो. दिपाली मात्र तो बोलत असताना त्यातलं खरं किती, हे डॉक्टरीणबाईंच्या चेहऱ्यावर शोधत बसते.