घासूनपुसून टाकी

मावशींचं घर म्हणजे आरसा. पाहुणा हात धुऊन बाहेर पडला रे पडला, की या फडकं घेऊन आत. नणंदेनं त्यामुळेच येणं कधीचं सोडलं होतं, आणि मावशींनीही फारसा आग्रह धरला नव्हता.

आता त्यांनी घरात पाळणाघर काढायचं ठरवलं होतं. खालच्या खोलीत बुटक्या खुर्च्या आल्या, भिंतीवर ससे रंगवून झाले. गल्लीतल्या आया येताजाता विचारायच्या, कधीपासून पाठवू? अडलं होतं एकाच ठिकाणी. सेप्टिक टँक तपासणीत पास झाल्याशिवाय परवाना मिळणार नव्हता.

मावशींनी कंबर कसली. तपासणीच्या आदल्या दिवशी गाडी बोलावून टाकी उपसून घेतली, पाण्याचा जोरदार फवारा मारून आतून धुऊन काढली, वर फिनेल ओतलं. तपासणी टाकीची आहे, त्यात कुणी जेवायला बसणार नाही, असं नवरा म्हणाला. त्याला त्यांनी झाकण पुसायला लावलं.

तपासनिसानं ते चकचकीत झाकण उचललं, आत बॅटरी मारली आणि बराच वेळ वाकून पाहत राहिला. मावशी कौतुकाची वाट पाहत उभ्या.

"मावशी, हे काय करून ठेवलंत?"

"घाण म्हणून शिल्लक ठेवली नाही."

"अहो, त्या घाणीतले जंतूच तर टाकीचं काम करतात. तुम्ही सगळे कामगार हाकलून दिलेत. आता कारखाना चालतो की नाही, ते कसं तपासू?"

टाकी रोजच्या वापरानं भरलेली हवी, असा नियमच होता. नळाचं पाणी भरून चालणार नव्हतं. दोघांच्या घरात टाकी भरून जंतू पुन्हा वाढायला कित्येक महिने लागणार, आणि तोवर मुलं दुसरीकडे जाणार. मुलं आली तर टाकी लवकर भरेल, असं मावशींनी सुचवून पाहिलं. त्यावर तपासनीस म्हणाला, मुलांना परवाना लागतो, पाहुण्यांना लागत नाही.

संध्याकाळी मावशींनी नणंदेला फोन लावला. राहायला या, लेक-जावई, नातवंडं, सगळ्यांना आणा, चांगले महिना-दोन महिने राहा. पलीकडून तब्येत बरी आहे ना, अशी चौकशी झाली.

"वहिनी, मुलं बाथरूममध्ये फार पसारा करतात हं," नणंदेनं आधीच बजावलं.

"करू देत की, वन्सं. घर तुमचंच आहे."

नवऱ्यानं उरलेलं फिनेल गुपचूप शेजारी नेऊन दिलं. मावशींचा आवाज मधासारखा गोड होता, फक्त मोकळा हात तेवढा फोनचं टेबल पुसत होता.